काल्पनिक अंतराळयानांची नावे : फॅन फिक्शनमधील नामकरणाचा मराठी दृष्टीतून विचार

प्रस्तावना

एखाद्या लोकप्रिय कलाकृतीतील पात्रे, स्थळे व विश्व स्वीकारून तिच्या चाहत्यांनी रचलेल्या नव्या कथांना फॅन फिक्शन असे म्हटले जाते. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ मध्ये ‘स्पॉकानालिया’ हे नियतकालिक काढले, तेव्हापासून या लेखनप्रकाराला आधुनिक रूप प्राप्त झाले. मूळ प्रवृत्ती मात्र मराठी वाचकाला परकी नाही. मोरोपंतांनी एकच रामकथा वेगवेगळ्या बंधांत एकशे आठ वेळा रचल्याचे सांगितले जाते. परिचित विश्वात आपली भर घालण्याचा आनंद या दोन्ही ठिकाणी समान आहे.

अंतराळकथा रचणाऱ्या अशा लेखकासमोरील पहिला प्रश्न यानाला नाव काय द्यावे हा असतो. पात्राचे नाव कथानकाच्या ओघात सुचते. यानाचे नाव मात्र पहिल्याच परिच्छेदात द्यावे लागते आणि त्यातून त्या विश्वाची राज्यव्यवस्था, भाषा व इतिहास सूचित होतो. मराठीत अंतराळकथा लिहिणारा नवोदित लेखक बहुधा दोन मार्गांपैकी एक पत्करतो. एक तर तो इंग्रजी नाव जसेच्या तसे उचलतो, किंवा शब्दकोश उघडून एखादे भारदस्त संस्कृत नाम शोधतो. हे दोन्ही मार्ग अपुरे का ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी लागणारी सामग्री मावळ व लोणावळा परिसरात आणि कोकणच्या किनाऱ्यावर उपलब्ध आहे.

डोंगरावरचे जहाज

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तरीही तेथे नौदलाचे ‘शिवाजी’ आहे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ‘एचएमआयएस शिवाजी’ या नावाने स्थापन झालेली ही आस्थापना नौदलातील सागरी अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणाचे केंद्र होय. किनाऱ्यावरील वा भूमीवरील आस्थापनेलाही जहाजाप्रमाणेच नाव देण्याची प्रथा ब्रिटिश नौदलातून आली. त्यामुळे मावळ्यांच्या भूमीत, घाटमाथ्यावर, कधीही पाण्यात न उतरणारे एक ‘जहाज’ उभे आहे.

या नावाचे दोन भाग आहेत. ‘एचएमआयएस’ या उपपदाने ते ब्रिटिश राजाच्या सत्तेखालील असल्याचे सांगितले. ‘शिवाजी’ या नामाने या भूमीची स्मृती जागवली. २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला आणि उपपद बदलून ‘आयएनएस’ झाले. नाम तेच राहिले. म्हणजे उपपद सत्तेचे असते व नाम स्मृतीचे. सत्तांतरात पहिले जाते, दुसरे टिकू शकते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांचा उठाव ज्या ठिकाणी सुरू झाला, ती मुंबईतील ‘एचएमआयएस तलवार’ हीदेखील किनाऱ्यावरील आस्थापनाच होती. साम्राज्याने आपल्या शस्त्रबळाचे निदर्शक म्हणून दिलेले नाव साम्राज्याविरुद्धच्या उठावाचे नाव झाले. नाव देणाऱ्याचा हेतू आणि नावाला पुढे लाभणारा अर्थ यांतील हे अंतर कथालेखकाला अत्यंत उपयुक्त आहे. फॅन फिक्शन लिहिणारे मात्र बहुतेकदा मूळ मालिकेतील ‘यूएसएस’ हे उपपद कोणताही प्रश्न न विचारता वापरतात. आपले यान कोणाच्या मालकीचे आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे लेखकाच्या नकळत देऊन टाकले जाते.

तिकोना आणि वितंडगड

संस्कृत नावाच्या मोहाविषयी मावळातील किल्ले काही सांगतात. पवन मावळातील तिकोना व तुंग या किल्ल्यांना शिवकाळात अनुक्रमे वितंडगड व कठीणगड अशी नावे देण्यात आली. तिकोना हे नाव त्रिकोणी आकारावरून आलेले, तर तुंग हे उंचीवरून. नवी नावे अर्थपूर्ण होती, राजाज्ञेने दिलेली होती. तथापि आज गावकरी आणि गिर्यारोहक तिकोना व तुंग असेच म्हणतात. याउलट मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड झाला, रायरीचा रायगड झाला आणि ही नावे कायमची रुजली. दोन्हीकडे नाव देणारी सत्ता एकच होती. फरक पडला तो त्या स्थळी पुढे काय घडले यामुळे. राजगड व रायगड या राजधान्या झाल्या. त्या नावांमागे वास्तव्य, दरबार आणि राज्याभिषेक उभा राहिला.

यावरून एक निकष हाती येतो. नाव भारदस्त आहे की साधे, हा प्रश्न दुय्यम असून त्या नावाला कथेत काय भोगावे लागते, हा प्रमुख प्रश्न आहे. पहिल्या पानावर दिलेल्या ‘अग्निवज्र’ वा ‘महाकाल’ अशा नावाला पुढील पानांत कोणताही प्रसंग जोडला गेला नाही, तर त्याचा वितंडगड होतो. शिवाय लेखकाने अधिकृत नावाबरोबर खलाशांच्या तोंडचे दुसरे नावही योजले, तर आज्ञा आणि वापर यांतील ताण आपोआप कथेत येतो. हा ताण मराठी प्रदेशाच्या नित्य अनुभवातला आहे.

संतांच्या नावाच्या बोटी व क्रियापदाचा पेच

मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची खरीखुरी जहाजे म्हणजे कोकण किनाऱ्यावरील आगबोटी. त्यांतील काहींना संतांची नावे होती. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते. तिच्याच काठच्या देहूच्या संताचे नाव धारण करणारी ‘तुकाराम’ ही बोट १९२७ मध्ये बुडाली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली व सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्वदेशी प्रवाशाला ही बोट आपली वाटावी, हे साधण्याचे सामर्थ्य अशा नावांत होते. दुर्घटनेनंतर तेच नाव शोकाचे झाले.

येथे मराठी व्याकरणाचा एक लक्षणीय विशेष दिसून येतो. संत तुकाराम वैकुंठाला ‘गेले’. ‘तुकाराम’ बोट ‘बुडाली’. पूज्य व्यक्तीसाठी आदरार्थी अनेकवचन आणि बोटीसाठी स्त्रीलिंगी एकवचन. नाम एकच असून व्यक्ती व वस्तू यांना वेगळे करण्याचे काम केवळ क्रियापदाचा प्रत्यय करतो. इंग्रजीत जहाजाला स्त्रीलिंगी सर्वनाम लावण्याचा जुना संकेत आहे, परंतु तेथे क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. मराठीत मात्र नौका व बोट स्त्रीलिंगी, तर जहाज, तारू, गलबत व यान नपुंसकलिंगी. म्हणून ‘विक्रांत’ युद्धनौका दाखल ‘झाली’, तर ‘पुष्पक’ विमान ‘उतरले’. अंतराळकथेच्या लेखकाने यानाला नाव देताना ‘आला’, ‘आली’ की ‘आले’ हेही ठरवावे लागते. त्यातून खलाशांचे यानाशी असलेले नाते व्यक्त होते. एखाद्या कथेत कप्तान यानाला ‘ते’ म्हणतो आणि जुना यंत्रज्ञ ‘ती’ म्हणतो, एवढ्यावरून दोन स्वभाव उभे राहू शकतात. इंग्रजी फॅन फिक्शनला ही सोय इतक्या सहजपणे उपलब्ध नाही.

याच पेचातून आणखी एक मर्यादा पुढे येते. पूज्य व्यक्तीचे नाव दिलेले यान हरू शकते काय? त्यावर बंड होऊ शकते काय? त्याचा कप्तान भेकड दाखवता येईल काय? लेखकाचा हात या प्रत्येक ठिकाणी अडखळतो. असे नाव कथेला प्रारंभी प्रतिष्ठा देते, पण संघर्षाच्या शक्यता काढून घेते. गोव्यातील म्हादई नदीचे नाव असलेल्या ‘म्हादई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. नदीच्या नावात आपलेपणा आहे, आणि वादळात सापडण्याची मुभाही आहे.

पुराणनामाचे बळ व जोखीम

मराठी विज्ञानकथेने पुराणनामांचा वापर जाणीवपूर्वक केला आहे. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या ‘अंतराळातील भस्मासुर’ आणि ‘वामन परत न आला’ या शीर्षकांतील नावे अलंकारापुरती नाहीत. वामन म्हटले की लहान रूपाने येऊन सर्व व्यापणाऱ्याची आठवण मराठी वाचकाला होते, आणि यंत्रमानवाविषयीची शंका कथा सांगण्याआधीच जागी होते. नावात कथानक दडलेले असते. याचे बळ मोठे आहे. जोखीमही तेवढीच आहे. ‘अभिमन्यू’ नावाचे यान शत्रूच्या व्यूहात शिरले, तर शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. लेखकाने तो शेवट मोडून दाखवला तरच त्या नावाचे सार्थक होते.

पाश्चात्त्य परंपरेत याहून वेगळी पद्धत दिसते. ‘एंटरप्राइझ’ हे काल्पनिक यानाचे नाव अमेरिकन नौदलातील जहाजांच्या नावाचा वारसा पुढे नेते. पुढे १९७६ मध्ये, चाहत्यांच्या पत्रमोहिमेनंतर, ‘कॉन्स्टिट्यूशन’ असे नाव योजलेल्या पहिल्या अंतराळ-शटलला ‘एंटरप्राइझ’ हे नाव देण्यात आले. जहाजापासून कथेत आणि कथेतून पुन्हा वास्तवात असा हा प्रवास आहे. मात्र याच मालिकेतील १९६८ च्या एका भागात केवळ व्हल्कन वंशीयांचे यान येते आणि त्याचे नाव ‘इन्ट्रेपिड’ म्हणजे निर्भय असे इंग्रजीच असते. भावनांवर विजय मिळवणाऱ्या परग्रहीय समाजाने आपल्या यानाला भावनावाचक परकीय नाव का घ्यावे, याचे उत्तर मालिका देत नाही. चाहत्या लेखकाची खरी जागा अशा मौनातच असते.

पुनरावृत्त नावांची भारतीय उदाहरणेही आहेत. १९६१ ची ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच नावाची स्वदेशी नौका दाखल झाली. चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रावर आदळला. तरीही चांद्रयान-३ च्या अवतरकाला तेच नाव ठेवले गेले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी तो सुखरूप उतरला. अपयशी ठरलेले नाव न टाकता पुन्हा वापरणे हा निर्णय कोणत्याही नव्या नावापेक्षा अधिक बोलका आहे.

समारोप

यानाचे नाव ही किरकोळ बाब असून कथाच महत्त्वाची, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. परंतु वरील उदाहरणांवरून असे दिसते की नावाचा प्रश्न हा कथेचाच प्रश्न आहे: यान कोणाचे, त्याला हाक कोण मारतो, कोणत्या भाषेत, आणि त्या नावाने आधी काय पाहिले आहे. मराठी लेखकाला यासाठी उसन्या इंग्रजी नावांची गरज नाही, तशीच केवळ तत्समतेचीही नाही. आज्ञेने दिलेली आणि वापराने टिकलेली नावे, संतनामाच्या बोटी, नद्या, बदलती उपपदे आणि क्रियापदांचे प्रत्यय अशी समृद्ध सामग्री त्याच्याजवळ आहे. महाविद्यालयांतील सर्जनशील लेखनाच्या वर्गात विद्यार्थ्यांना अंतराळकथा लिहावयास सांगताना, प्रथम त्यांच्या परिसरातील एखाद्या डोंगराची, नदीची वा होडीची दोन नावे शोधण्यास सांगणे उपयुक्त ठरेल. त्यातील कोणते नाव का टिकले, हे समजलेला विद्यार्थी आपल्या यानाचे नाव शब्दकोशात शोधत बसणार नाही.