पेल्यावरील रान

अठराव्या शतकांतील युरोपीय चिनी मातीचीं भांडीं पाहतांना रसिकाचें मन प्रथम मोहून जातें. फ्रान्समध्यें व्हँसेन येथें १७४० च्या सुमारास निघालेला कारखाना १७५६ सालीं सेव्र येथें आला आणि १७५९ सालीं राजाच्या मालकीचा झाला. तेथील पेल्यांवर फ्रान्स्वा बूशे (१७०३–१७७०) याच्या चित्रांवरून उतरविलेलीं मेंढपाळ तरुण-तरुणी अजूनहि फुलें गुंफीत बसलीं आहेत. रंग नाजूक, रेषा लडिवाळ. उणें एवढेंच कीं, या रानांत कोणी घाम गाळीत नाहीं. ज्यांच्या मेजावर हीं भांडीं मांडलीं जात, त्यांस खेडें हवें होतें, खेडूत नको होता.

हा दोष दूरदेशचा म्हणून आम्हांस सोडून देतां येत नाहीं. धाकटी डहाणू हें समुद्रकाठचें मासेमारांचें गांव; त्याच तालुक्यांत पूर्वेकडे वारल्यांचे पाडे आहेत. तेथें लग्नघरीं सुवासिनी गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. त्यांत पालघट देवी असते. हा चौक शोभेसाठीं नसून लग्नविधीचें अंग आहे. पुढें १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनानें गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनीं ही रेषा कागदावर व कापडावर आणली. त्यांच्या चित्रांत नाचाइतकेंच मासे धरण्याचें जाळें आणि मुंग्यांचें वारूळ यांनाहि स्थान आहे. श्रम व उत्सव तेथें एकाच हातानें, सारख्याच आदरानें काढलेले दिसतात.

आतां तीं माणसें कपांवर व किटल्यांवर आलीं आहेत. या भांड्यांस सरसकट नांवें ठेवावीं, असें आमचें मत नाहीं. परंतु कपावर बहुधा नाच तेवढा उरतो. तारपा वाजविणाऱ्याभोंवतीं फिरणारें वेटोळें कडेची पट्टी बनतें. मधला वादक नाहींसा होतो, आणि नाचणारे कोणामागून चालले आहेत तें कळेनासें होतें. बूशेच्या मेंढपाळांची वाट हीच.

ज्या मुलखाचें हें चित्र, तेथेंच १९४५ सालीं, आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी येथें वारली जमले आणि वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकर यांनीं ती हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत सांगितली आहे. अशा माणसांस केवळ नाचतांना पाहणें हा अर्धवट परिचय होय. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशनाचें संरक्षण मिळालें. त्यानें नांवाचें रक्षण होईल, अर्थाचें रक्षण मात्र घेणाऱ्याच्याच हातीं आहे.

म्हणून वाचकांनीं असा पेला घरीं आणण्यापूर्वीं विचारावें कीं, हें चित्र कोणाच्या हातचें, आणि त्या हातास मोल काय मिळालें. समाधानकारक उत्तर आल्यास पेला खुशाल घ्यावा, आणि मुलांस त्यावरील माणसें नाचाखेरीज काय करीत तेंहि सांगावें.