तुरुंगाबाहेरची माणसे

तुरुंगाविषयीचे वाङ्मय बहुधा कैद्याचेच वाङ्मय असते. आमच्या मराठीतही कारावासाच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या. परंतु कोठडीचे दार लागले त्या संध्याकाळी घरी चूल कशी पेटली, हे सांगणारी पाने त्यांत थोडीच. राजबंद्याच्या पत्नीस निदान मान तरी मिळे. अफरातफर किंवा चोरी केली म्हणून ज्यास शिक्षा झाली, त्याच्या घरावरून शेजारी मान फिरवून जातात. ह्या दुसऱ्या प्रकारच्या घराची गोष्ट ज्या इंग्रजी पुस्तकाने फार चांगली सांगितली आहे, ते मुलांचे म्हणून कपाटाच्या खालच्या फळीवर पडून असते. ई. नेस्बिट ह्यांची 'द रेल्वे चिल्ड्रेन' ही १९०६ सालची कादंबरी आम्हांस अभिप्रेत आहे.

सरकारी कचेरीतील एका अधिकाऱ्यास एके रात्री दोन गृहस्थ घेऊन जातात. रशियनांस राज्याची गुपिते विकल्याचा आरोप त्याच्यावर शाबीत होऊन पाच वर्षांची सक्तमजुरी होते. आई ही गोष्ट मुलांपासून लपविते आणि तिघांस घेऊन लोहमार्गाजवळच्या एका खेड्यात राहावयास जाते. तेथे पावाला एक तर लोणी, नाही तर मुरंबा. दोन्ही मिळावयाचे नाहीत. आई कथा लिहून घर चालविते. थोरली मुलगी बॉबी हिला खरी हकीकत कळते ती रद्दीच्या एका वर्तमानपत्रावरून.

लाल पेटिकोट फडकावून गाडी थांबविण्याचा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो. आमच्या मते तो पुस्तकातील मोलाचा भाग नव्हे. मोलाचा भाग म्हणजे देण्याघेण्याचे प्रसंग. आई इन्फ्ल्युएंझाने अंथरुणास खिळते. डॉक्टर फळे, दूध वगैरे सांगतात, आणि घरात पैसा नसतो. मुले गाडीतून रोज हात हलविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थास चिठ्ठी देतात व करंडीभर जिन्नस येतात. हे कळताच आई संतापते : परक्यापाशी काही मागावयाचे नाही! पुढे हीच मुले स्टेशनवरचा हमाल पर्क्स ह्याच्या वाढदिवसासाठी गावभर फिरून वस्तू गोळा करतात, तेव्हा पर्क्स बिथरतो. त्याला ती भीक वाटते. देताना कोण काय बोलले हे बॉबी वाचून दाखविते तेव्हा कोठे तो निवळतो. ज्या घरास घेणे इतके जड जात होते, त्याच घरच्या मुलांना दुसऱ्यास देताना ठेच लागावी, ही लेखिकेची समज असामान्य होय. शेवटी त्या वृद्ध गृहस्थाचा नातू पाय मोडून ह्यांच्या घरी पडतो, आणि आजोबा त्याच्या शुश्रूषेचे काम आईस पगार देऊन सोपवितात. स्वयंपाकीण, मोलकरीणही पाठवितात. मदत झाली, पण पगाराच्या रूपाने.

डिकन्सला ह्या विषयाची काळी बाजू अधिक ठाऊक होती. त्याचे वडील १८२४ साली कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात पडले, आणि बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर कागद चिकटवीत होता. 'लिटल डॉरिट'मधील म्हातारा डॉरिट त्याच तुरुंगात लोकांकडून नाणी स्वीकारतो, पण ती भेट म्हणून. मुलगी बाहेर शिवणकाम करून त्याला जेवू घालते. त्याला मात्र ते ठाऊक नाही, असे सोंग सर्वांनी करावयाचे. घेणारा मदतीने कसा नासतो हे तेथे दिसते. नेस्बिट तिकडे वळतच नाहीत.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. नेस्बिट यांचा बाप निर्दोष आहे. फ्रान्सात १८९४ साली हेरगिरीसाठी दोषी ठरलेला ड्रायफस १९०६ च्या जुलैत पूर्ण निर्दोष ठरला. तोच वारा ह्या कथेतही आहे. वृद्ध गृहस्थ चौकशी करतो आणि बाप सुटतो. त्या दिवशी गावकरी वर्तमानपत्रे हलवीत बॉबीचे अभिनंदन करतात. बाप कैदेत असल्याचे गावास त्यापूर्वी ठाऊक होते, असे पुस्तकात कोठे दिसत नाही. ते वर्षभर आधी कळते, तर ह्याच गावाने काय केले असते? ही परीक्षा लेखिकेने घेतली नाही. आणि बापाने कागद खरोखरच विकले असते, तर फिलिस ह्या धाकटीची भूक कमी झाली असती काय? आमच्या देशात तर निकालाची वाट पाहावी म्हटले तरी सोय नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत दर शंभरांपैकी सुमारे पंचाहत्तर बंदी खटला न संपलेले होते.

तरीही एका ठिकाणी लेखिका आपल्याच कथानकाच्या पुढे गेली आहे. गरिबांवर पुस्तक लिहिले म्हणून सैबेरियात डांबलेला एक रशियन, बायकोमुलाचा शोध करीत, आजारी अवस्थेत स्टेशनवर येतो. आई त्याला घरी आणते आणि नवऱ्याचे कपडे काढून देते. ते पाहून बॉबीला वाटते, बाबा वारले की काय! त्यानंतर आई मुलांना सांगते की रात्रीच्या प्रार्थनेत सर्व कैद्यांवर दया कर असे देवाला म्हणत जा. त्यात 'निरपराध' हे विशेषण तिने घातलेले नाही.