कारगिलची सराई : घराण्यानें राखलेल्या वस्तुसंग्रहाचें मोल

जुनी वस्तू आणि इतिहासाचें साधन हे दोन शब्द आपल्याकडे पुष्कळदां एकाच अर्थानें वापरले जातात. वस्तुतः त्यांत मोठें अंतर आहे. एखादी तांब्याची सुरई जुनी असली, सुबक असली, तरी ती कोठून आली, कोणाच्या हातून आली व कोणत्या कामीं पडली हें सांगतां येत नसेल, तर ती शोभेची वस्तू होय, साधन नव्हे. उलट, पुडींत तशाच राहून गेलेल्या साध्या गुंड्या ज्या बीजकाबरोबर आल्या त्या बीजकासह हातीं लागल्या, तर त्यांवरून एका प्रदेशाच्या व्यवहाराचा दुवा जुळतो. हा भेद मनांत धरून आम्ही या लेखांत लडाखांतील घराण्यांनीं चालविलेल्या वस्तुसंग्रहांचा, विशेषतः कारगिल येथील मुन्शी अझीझ भट यांच्या नांवें असलेल्या संग्रहाचा, विचार करणार आहों. अशा संग्रहांची स्तुति पुष्कळ होते. साधन म्हणून त्यांची परीक्षा मात्र क्वचितच होते.

प्रथम स्थळाचा विचार. कारगिल हें सुरू नदीच्या कांठीं, सुमारें ८,८०० फूट उंचीवर वसलेलें गांव. पश्चिमेस श्रीनगर व पूर्वेस लेह, दोन्ही सुमारें २०० किलोमीटरांवर. उत्तरेस सिंधूच्या खोऱ्यांतून स्कर्दूची वाट, दक्षिणेस झंस्कारची. श्रीनगरकडून येणाऱ्यास सुमारें ११,५०० फूट उंचीची झोजी खिंड ओलांडावी लागे, व ती हिवाळ्यांत बर्फानें बंद होई. लेहपासून पुढें यारकंदास जाणारा काफिला काराकोरम खिंडीनें, म्हणजे सुमारें १८,००० फुटांवरून जाई. १८७० सालीं ब्रिटिश सरकार व महाराजा रणबीरसिंह यांच्यांत व्यापारी करार झाला. त्यानें मध्य आशियाच्या वाहतुकीवरील जकात उठली व मार्गाच्या देखरेखीसाठीं दोघां संयुक्त आयुक्तांची नेमणूक ठरली. श्रीनगर-लेह या वाटेस ‘ट्रीटी रोड’ हें नांव पडलें तें या करारावरून. चोहों बाजूंच्या वाटा जेथें मिळतात, आणि पुढील खिंड कधीं मोकळी होईल याची वाट पाहत जेथें थांबावें लागतें, तेथें सराई उभी राहणें स्वाभाविकच होतें.

अशी एक सराई मुन्शी अझीझ भट (१८६६-१९४८) यांनीं १९२० सालीं कारगिलांत उभारली. हे मूळचे अर्जनवीस; लेखणीच्या बळावर मान मिळवून पुढें ते व्यापारांत शिरले. सराई तीन मजली होती. तळाशीं जनावरांची सोय, वर माल व माणसें, आणि जोडीला दुकानें, अशी तिची रचना. तेथें यारकंद-खोतानचे नमदे व गालिचे, तिबेटाकडील पश्म, पंजाबाकडील कापड व मसाले, आणि विलायतेंत तयार झालेला किरकोळ माल यांची गांठ पडे. १९४७-४८ च्या फाळणीनें व युद्धानें स्कर्दूची वाट बंद झाली. १९४९ सालीं सिंक्यांग प्रांतांत सत्तांतर झालें आणि यारकंदचीही वाट मिटली. ज्या चार वाटांवर सराई जगत होती, त्यांतील उत्तरेकडचा सारा व्यवहार अवघ्या दोन-तीन वर्षांत संपला. माल मात्र खोल्यांतच राहिला. पुढें वारसांनीं तो बाहेर काढला व २००४ सालीं त्याचा वस्तुसंग्रह केला.

या संग्रहाचा खरा गुण येथेंच आहे. राजधानींतील मोठ्या वस्तुसंग्रहालयांत ज्या वस्तू असतात, त्या निवडून, विकत घेऊन वा नजराणा म्हणून आलेल्या असतात. निवडणाऱ्याची दृष्टि सौंदर्यावर किंवा दुर्मिळतेवर असते. म्हणून तेथें राजाची तलवार सांपडते, पण तेलीण कोणत्या मापानें तेल मोजीत असे तें माप सांपडत नाहीं. कारगिलच्या सराईंतील माल कोणीं निवडलेला नाहीं. तो विकला न गेल्यामुळें उरला. खोगिरें व घोड्याचें सामान, टोप्या, पादत्राणें, साबण, रंग, गुंड्या, कंदील, चिनी भांडीं, नाणीं, आणि त्यांबरोबर पत्रें, बीजकें, तारा! व्यापाऱ्याचें दुकान अर्ध्या व्यवहारांत थांबावें व तसेंच राहावें, असा योग इतिहासाच्या अभ्यासकास फार थोड्या ठिकाणीं लाभतो. घराण्यानें हा माल भंगारांत घातला नाहीं किंवा नग नग करून सौदागरांस विकला नाहीं, याबद्दल त्याचे जितके उपकार मानावे तितके थोडेच.

आतां दोषांकडे वळूं. हे दोष एका घराण्याचे नव्हेत. या प्रकारच्या संग्रहांस जडणारे आहेत.

पहिला दोष नांवाचा. कारगिलच्या संग्रहानें आपल्या पूर्ण नांवांत ‘मध्य आशिया व कारगिल व्यापार’ एवढेंच म्हटलें आहे, व तें यथार्थ आहे. परंतु प्रवाशांसाठीं जें लिहिलें जातें, त्यांत ‘रेशीम मार्ग’ हा शब्द पदोपदीं येतो. हा शब्द या वाटांवरील माणसांचा नव्हे. रिक्टहोफेन या जर्मन भूगोलज्ञानें १८७७ सालीं तो रूढ केला. त्याच्या झगमगाटांत संग्रहाचा काळ हरवतो. पाहणाऱ्यास वाटतें कीं, आपण हजार-दीड हजार वर्षांपूर्वींचें वैभव पाहत आहों. आणि समोर असतो तो एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध व विसाव्याचा पूर्वार्ध, म्हणजे तारायंत्राचा, आगगाडीचा व कारखान्यांत बनलेल्या रंगांचा काळ. यांत कमीपणा कसला? युरोपच्या कारखान्यांतील रंगाची पुडी झोजी खिंड चढून कारगिलास येते, हीच आश्चर्याची गोष्ट आहे. शिवाय या मार्गानें केवळ रेशीमच येत नसे. यारकंदाकडून येणाऱ्या मालांत चरसाचा वांटा फार मोठा होता. तो लेहवरून होशियारपूरच्या व्यापाऱ्यांकडे जाई, सरकार त्यावर कर घेई, व १९३० नंतरच्या दशकांत तो व्यापार बंद पडला. इतिहास सांगणाऱ्यानें रेशीम सांगावें आणि चरस गाळावा, हें योग्य नव्हे.

दुसरा दोष अधिक गंभीर. वस्तू कपाटांत, कागद पेटींत, अशी वांटणी बहुतेक ठिकाणीं होते. प्रवाशास गालिचा पाहावयाचा असतो, बीजक नव्हे. म्हणून वस्तूला मान व कागदाला कोपरा मिळतो. पण गालिच्याला बोलतें करणारा तोच कागद असतो. माल कोणीं पाठविला, कोणाच्या नांवें पाठविला, भाडें किती, वाटेंत किती दिवस गेले, उधारी कोणाची राहिली, हें गालिच्याच्या विणीवरून कळणार नाहीं. जॅकलीन फ्यूक्स या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनीं लडाखच्या व्यापाराचा इतिहास लिहिला (२००९), तो व्यापारी घराण्यांच्या कागदपत्रांच्या आधारानें. हें उदाहरण पुढें असतांना कागद मागें राहावे, याचें नवल वाटतें.

या बाबतींत कायदाहि कागदाच्या बाजूचा आहे. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें सामान्य वस्तूस ‘पुराणवस्तु’ ठरण्यास शंभर वर्षें लागतात. हस्तलिखित, दप्तर किंवा अन्य लेख ऐतिहासिक मोलाचा असेल, तर पंचाहत्तर वर्षें पुरतात. म्हणजे १९२० नंतर सराईंत आलेल्या वस्तू आतां कोठें त्या मर्यादेस पोंचूं लागल्या आहेत. पण १९४८ पर्यंतचे तेथील महत्त्वाचे कागद ती केव्हांच ओलांडून गेले आहेत. उलट २००३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशननें आपल्या व्याख्येंत ग्रंथरूप हस्तलिखितें घेतलीं व फर्मानें, महसुली दप्तरें इत्यादि ऐतिहासिक कागद निराळे मानले. व्यापाऱ्याचें बीजक ना पोथी, ना राजाचें फर्मान. पोथ्यांच्या संग्राहकांस तें नको, सरकारी दफ्तरखान्यांस तें ठाऊक नाहीं. अशा अनाथ कागदाला त्याच्या घराण्यावांचून दुसरा वाली नसतो. म्हणून घराण्याची जबाबदारी येथें सर्वांत मोठी.

तिसरा दोष हा कीं, व्यापाऱ्याच्या घरचा संग्रह व्यापाऱ्याचाच इतिहास सांगतो. काफिला चालविणारा मात्र बहुधा व्यापारी नसे. भाड्यानें घोडीं देणारे ‘किरायाकश’ तो चालवीत. सरकारी प्रवाशांस व मालास घोडीं व हमाल पुरविण्याची पाळी वाटेवरील गांवांवर ‘रेस’ या नांवानें लादलेली असे, व तिच्या जोडीला बिगारहि होती. ज्यांच्या पाठीवरून व ज्यांच्या घोड्यांवरून हा व्यापार झाला, त्यांनीं संग्रह ठेवले नाहींत. त्यांच्यापाशीं ठेवण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं. पण त्यांचा माग व्यापाऱ्याच्याच वहींत आहे. भाड्याच्या रकमा, घोड्यांची संख्या, मेलेल्या जनावराची नोंद, या सर्व ओळी त्यांच्याच आहेत. मुन्शींच्या घराण्यानें हा भाग पुढें मांडला तर पूर्वजांची कीर्ति उणी होणार नाहीं. उलट तिला साक्षीदार मिळतील.

याच प्रदेशांतील तुर्तुक गांवचा संग्रह निराळ्या जातीचा आहे. हें बाल्ती लोकांचें गांव १९७१ च्या युद्धांत भारताकडे आलें. तेथील यबगो राजघराण्याचे वंशज जुन्या वाड्यांत घराण्याच्या वस्तू व वंशकथा जतन करितात. खप्लू हें त्या घराण्याचें मुख्य ठिकाण नियंत्रणरेषेपलीकडे राहिलें. तेथें कागदापेक्षां मुखपरंपरा प्रबळ. म्हणून तेथें परीक्षेची रीत वेगळी हवी.

आमच्या शास्त्रकारांनीं यासाठीं एक उपयुक्त भेद केलेला आहे. ज्या परंपरागत कथेचा मूळ वक्ता सांगतां येत नाहीं, तिला त्यांनीं ‘ऐतिह्य’ म्हटलें, व विश्वसनीय पुरुषाच्या वचनाला ‘शब्द’ प्रमाण मानलें. घराण्यांतील कथा टाकून देण्याचें कारण नाहीं. पण ती कोणीं, कोणाकडून ऐकून, कोणत्या सालीं सांगितली एवढें लिहून ठेवलें, तर केवळ ऐतिह्य असलेली गोष्ट शब्दाच्या पायरीजवळ येते. न लिहिली, तर सांगणाऱ्या वृद्धाबरोबर तिचें प्रामाण्यहि जातें. म्हणून प्रत्येक वस्तूच्या चिठीवर तीन गोष्टी निरनिराळ्या असाव्या : वस्तूवरून प्रत्यक्ष काय दिसतें, कागद काय म्हणतो, घराणें काय सांगतें. आज अनेक ठिकाणीं तिन्ही एका वाक्यांत मिसळलेल्या असतात, आणि वाचणाऱ्यास कोणत्या शब्दावर किती भार द्यावा हें कळत नाहीं.

महाराष्ट्रांतील वाचकांस हा प्रश्न परका वाटूं नये. राजवाड्यांचा १८९८ चा पहिला खंड वाईस मिळालेल्या कागदांतून निघाला. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरावर आयुष्य वेंचलें. मराठ्यांच्या इतिहासाची इमारत बव्हंशीं घराण्यांच्या रुमालांवर उभी आहे. त्या घराण्यांनीं रुमाल राखले म्हणून इतिहास मिळाला. आणि जेथें भावाभावांच्या वांटणींत रुमाल फुटले, तेथें पत्र एका घरीं व त्याचें उत्तर दुसऱ्या घरीं, अशी दशा झाली. लडाखच्या संग्रहांपुढेंहि हाच धोका आहे. एक पिढी उत्साही असते, दुसरी नोकरीनिमित्त दूर जाते, तिसरीस वांटणी करावी लागते.

‘तर मग सर्व संग्रह सरकारच्या स्वाधीन करावा,’ असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. सराईंतील माल सराईच्या भिंतींपासून व तो ओळखणाऱ्या माणसांपासून तोडला, तर जो गुण आम्हीं वर सांगितला तोच नष्ट होईल. वस्तू घरींच राहाव्या. पण त्यांचें ज्ञान एकट्या घराचें राहूं नये. त्यासाठीं फार द्रव्य लागत नाहीं. पुडकीं ज्या क्रमानें सांपडलीं तो क्रम न मोडतां, वस्तू व कागद यांची एकत्र यादी व्हावी. प्रत्येक कागदाची छायाचित्रप्रत काढून ती निदान दोन दूरच्या संस्थांत ठेवावी. कारण १९९९ सालीं ज्या गांवावर तोफगोळे पडले, तेथें एकाच घरांतील एकमेव प्रत हा फार मोठा जुगार आहे. आणि संग्रह अविभाज्य राहील असा लेख वारसांनीं आपसांत आजच करावा.

संग्राहकांसहि आमची एक विनंति आहे. लडाखचा नमदा किंवा जुनें खोगीर बाजारांत विकावयास आलें, तर घेण्यापूर्वीं त्याबरोबरचा कागद कोठें आहे हें विचारावें. आणि कागद विक्रेत्याच्या घरीं उरला असेल, तर वस्तूहि त्याच घरीं राहूं द्यावी.