तीन डावांवरून नवखा ओळखता येतो का?

आमच्या साखऱ्यात पोरं फँटसी टीम लावताना नवख्याला दोन-तीन मॅचमध्येच निकालात काढतात. संशोधनात याला अपुरा नमुना म्हणतात. ऋतुराज गायकवाडचं बघा. २०२० च्या आयपीएलमध्ये पहिले तीन डाव ०, ५, ०; पुढचे तीन नाबाद ६५, ७२, नाबाद ६२! सलामीला आला म्हणून सुधारला, असं म्हणावं तर दुसऱ्या शून्याच्या वेळीही तो सलामीलाच होता. ते एकच कारण पुरत नाही. पण नंतरच्या तीन डावांवरून त्याला लगेच कॅप्टन करणंही घाईचंच. नमुना तोही तीनचाच. २०२१ ला ६३५ धावा करून त्याने ऑरेंज कॅप घेतली, तरी तो अंदाज शास्त्रीय ठरत नाही. महाराष्ट्राकडून तो कितीतरी आधीपासून खेळत होता. ते डाव कुणी मोजले?