साडेनऊची कोपी

‘पहिल्या दिवशी काही बघायचं नाही. साडेनऊला आरामात खाली उतरा, कोपीटियाममध्ये बसा आणि कोपी मागवा. मामाला काया टोस्ट. मामी, कायात अंडं असतं, तुझ्यासाठी नुसता लोणी-साखरेचा टोस्ट सांग.’

सिंगापूरला स्थायिक झालेल्या माझ्या भाचीने आमच्या सुट्टीसाठी मोबाइलवर जी यादी धाडली, तिची ही पहिली ओळ. दिवसभर ती ऑफिसात असणार आणि आम्ही दोघे मोकळे, म्हणून ही यादी. अशा याद्या आज मराठी घराघरांत येतात. कोणाची लेक, कोणाचा पुतण्या दूरदेशी असतो आणि तिकिटे निघाली की कुठे खावे, कुठे हिंडावे याचे टिपण येऊन पोहोचते. आपण ते वाचतो पत्ते टिपून घेण्यापुरते. ‘पूर्वरंग’मधून पु. ल. देशपांड्यांनी मराठी वाचकाला पूर्वेची वाट दाखवली. पुढे २०११मध्ये तिसरे विश्व मराठी साहित्य संमेलनच सिंगापुरात भरले. त्या थोर गोतावळ्यात या टिपणाला कोणी पाटावर बसवणार नाही. तरीही कवितेची ओळ वाचावी तशी त्याची एकेक ओळ सावकाश वाचली, तर ध्यानात येते की ठिकाणांची नावे ही यादीची फक्त वरची साल आहे. आतला गर आहे तो वेळेचा. प्रत्येक ओळीत कुठे तरी घड्याळ आहे.

ते ‘साडेनऊ’च पाहा. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे साडेनऊ वाजतात तेव्हा इकडे सात वाजलेले असतात, म्हणजे आपल्या घरी चहाचे आधण उतरण्याची वेळ. नव्या देशात डोळे उघडलेले असतात, पण देहाला अजून जुन्याच घराची सवय असते. त्या देहाला न दुखवता त्याच्या नित्याच्या पहिल्या घोटाच्या मुहूर्तावर परक्या पेयाशी त्याची ओळख करून द्यायची, ही योजना किती नाजूक हाताने आखलेली आहे! आणि ते पेयही साधेसुधे नव्हे. साखर आणि मार्गारिन घालून काळेभोर भाजलेले रोबस्टाचे दाणे, कापडी लांब गाळणीतून उंचावरून ओतलेला दाट अर्क, तळाशी स्थिरावलेले घट्ट गोड दूध. पहिला घोट कडवट, ढवळल्यावर दुसरा लाघवी. शेजारी काया : नारळाचे दूध, अंडी, साखर आणि केवड्याच्या कुळातल्या पांदानच्या पानांचा मंद हिरवा गंध, मंद आचेवर दीर्घकाळ घोटून मुरवलेला. खरपूस भाजलेल्या पातळ पावात तो थापायचा आणि वर थंड लोण्याची जाडशी चकती ठेवायची. दात रोवताच आधी कुरकुर, मग गारवा, मग नारळाची ऊब, असे तीन स्वर एकापाठोपाठ लागतात. चीनच्या हायनान बेटावरून आलेल्या, इंग्रजांच्या बंगल्यांत आणि जहाजांवर स्वयंपाक करणाऱ्या मंडळींनी पुढे स्वतःची कॉफीगृहे, म्हणजेच कोपीटियाम, थाटली आणि साहेबाच्या टोस्टवर नारळाचा हा लेप चढवला. एका बशीत चीनचे बेट, मलय नारळ आणि विलायती पाव एकत्र नांदतात. ‘काही बघायचं नाही’ म्हणत भाचीने पहिल्याच सकाळी सारे शहर बशीत वाढून ठेवले, हे आपल्याला टोस्ट संपल्यावर उमगते. आणि मामीचा वर्ज्यावर्ज्य विवेक तिने इतक्या दुरून सांभाळला, हे त्याआधीच उमगलेले असते.

पुढची ओळ : ‘बोटॅनिक गार्डन तिसऱ्या दिवशी, सकाळी सातला. पाच डॉलरची नोट खिशात ठेवा.’

तिसऱ्या दिवशीच का? कारण तिथले सात म्हणजे आपली पहाटेची साडेचार. तोवर अंग नव्या घड्याळाला रुळलेले असते. आणि सातलाच का? विषुववृत्ताच्या इतक्या निकट सूर्य वर्षभर साधारण सातच्या आगेमागेच उगवतो. प्रकाश तिरपा असतो, उष्मा अजून जागा झालेला नसतो, हिरवळीवर संथ लयीत हात फिरवणारी वृद्ध मंडळी दिसतात. हे उद्यान या जागी १८५९ सालापासून आहे. १८८८मध्ये इथे आलेल्या हेन्री रिडली यांनी रबराच्या झाडाला इजा न करता चीक काढण्याची रीत घडवली आणि मलायाच्या भूमीचे रूपच पालटले. २०१५मध्ये युनेस्कोने या उद्यानाला जागतिक वारशाचा मान दिला. त्याच्या कुशीत सुमारे सहा हेक्टरांचे आदिम वर्षावन अजून उभे आहे. महानगराच्या ऐन मध्यावर, कोणी लावलेले नाही असे. ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण ती नोट? तिच्या पाठीवर एका तेंबुसू वृक्षाचे चित्र आहे आणि तो वृक्ष याच उद्यानात उभा आहे, दीडशे वर्षांहून जुना, भुईला समांतर पसरलेली आपली बलदंड खालची फांदी सावरत. आपण नोट डोळ्यांसमोर धरतो, मागचा वृक्ष पाहतो, पुन्हा नोट पाहतो. जे हातोहाती फिरते ते आणि जे तसूभर हलत नाही ते, अशी दोन्ही रूपे एकाच दृष्टिक्षेपात येतात. एका देशाने आपल्या चलनावर एका झाडाची फांदी मिरवावी, यातले सौंदर्य जाणवायला खिशातली ती नोट पुरते.

‘वॉटरलू स्ट्रीटला दुपारच्या आत. दोन देवळं लागून आहेत, दोन्हीकडे आत जा. मग फॉर्च्युन सेंटर. तिथल्या शाकाहारी दुकानात मामीने फक्त अंड्याचं विचारायचं, बाकी काही नाही.’

एक देऊळ करुणामूर्ती क्वान यिनचे, दुसरे श्रीकृष्णाचे. क्वान यिनसमोर उदबत्त्या लावून झाल्या की कितीतरी चिनी भाविक तशाच हाताने कृष्णाच्या दाराशी येतात, तिथल्या धूपपात्रात उदबत्ती खोचतात आणि वाटेला लागतात. कोणी त्यांना थांबवत नाही, कोणाला त्यात नवलही वाटत नाही. ‘दोन्हीकडे आत जा’ एवढेच भाची लिहिते. सहिष्णुतेवर प्रवचन करत नाही. पुढच्या वाक्यातली ‘बाकी काही नाही’ हे तीन शब्द मात्र शाकाहारी प्रवाशालाच कळावेत असे आहेत. परदेशी ताटासमोर बसले की त्याचे अर्धे जेवण चौकशीत जाते : यात मासळीचा रस नाही ना, सुकटीची चटणी नाही ना, चरबी नाही ना. चिनी बौद्ध परंपरेतल्या शाकाहारात मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणारी मामी पूर्वेच्या या टोकाला अनोळखी पंगतीत अचानक स्वगृही पोहोचते. तांदळाच्या बारीक शेवया, कुरकुरीत तळलेले सोयाचे पापुद्रे, मशरूम, कोबी. घास घेण्यापूर्वी शंका उरलेली नसते, आणि निःशंक घासाची चव काही वेगळीच असते.

पुढे ओळींची लय बदलते, त्यात संध्याकाळची लगबग येते. ‘लाऊ पा सातला सातनंतर. टिशूचं पाकीट बरोबर ठेवा. टेबलावर दुसऱ्याचं पाकीट दिसलं तर तिथे बसू नका. खाऊन झाल्यावर ट्रे जागेवर ठेवा.’

ग्लासगोहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या खांबांवर १८९४ साली उभारलेली ही अष्टकोनी मंडई. आता तिच्याभोवती काचेचे उत्तुंग मनोरे आहेत आणि मध्ये ही नक्षीदार कमानींची जुनी लेक अजून ताठ मानेने बसली आहे. पण आपण थांबू या त्या टिशूच्या पाकिटापाशी. टेबल धरायचे तर त्यावर ते क्षुल्लक पाकीट ठेवायचे आणि निर्धास्त रांगेत जायचे. परतेपर्यंत ती जागा आपली. राखणदार नाही, नावाची पाटी नाही, नुसता परस्परांचा शब्द, तोही न उच्चारलेला. एकेकाळी इथले फेरीवाले रस्त्यांवर चुली मांडत. १९७० आणि १९८०च्या दशकांत शासनाने त्यांना पाण्याची, स्वच्छतेची सोय असलेल्या छपरांखाली आणून बसवले. त्यांतूनच वाढलेल्या हॉकर संस्कृतीला २०२०मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आणि गंमत अशी की ज्या नगरीने चुली रस्त्यावरून उचलल्या, तीच नगरी रोज संध्याकाळी लाऊ पा सातलगतचा बून टाट स्ट्रीट वाहनांना बंद करून पुन्हा निखाऱ्यांच्या हवाली करते. म्हणून ते ‘सातनंतर’. धुराचे लोट उठतात, काड्यांवर ओवलेले मांसाचे तुकडे, म्हणजे साते, तडतडतात, पुढ्यात काकडी, कच्चा कांदा आणि दाण्याचा दाट रस्सा येतो. दाण्याच्या कुटावर वाढलेल्या मराठी जिभेला तो माहेरच्या भाषेत बोलणाऱ्या परक्या बाईसारखा वाटतो. मामीपुढे तोवर आइस काचांगचा रंगीत हिमडोंगर आलेला असतो, आत लाल घेवड्याचे दाणे दडवलेला.

यादीतली सर्वांत लहान ओळ मला सर्वांत खोल वाटते : ‘टेक्का पाचव्या दिवशी. त्याआधी नको.’

टेक्का सेंटर म्हणजे लिटल इंडियाच्या तोंडाशी असलेली मंडई. खाली ओला बाजार, मासळी, कढीपत्त्याच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा, केळीची पाने. बाजूला खाण्याच्या टपऱ्या. वर साड्या आणि शिंपी. तिथून सेरंगून रोडने थोडे चालले की १९४७पासून चालत आलेले कोमला विलास लागते, तिथे डोसा आणि फिल्टर कॉफी. पाहुण्याला पहिल्याच दिवशी इथे आणणे किती सोपे होते! पण ओळखीचे अन्न लगेच हाती आले तर अनोळखी अन्नाशी मैत्री होत नाही. आणि ते फार लांबले तर जीव कासावीस होतो. पाचव्या दिवशी जिभेला फोडणीची आठवण तीव्र होते, तेव्हाच कढीपत्त्याचा वास खरा लागतो. हे गणित भाचीला कोणी शिकवले असेल? या शहरातल्या तिच्या पहिल्या वर्षानेच, असे मला वाटते. ‘त्याआधी नको’ या दोन शब्दांत तिने स्वतःचा एकटेपणा सांगितलेला नाही. त्यातून गाळलेला शहाणपणा तेवढा आपल्या हाती दिला आहे.

मग सहल : ‘उबिनला ओहोटीची वेळ बघून निघा. नावेत बारा माणसं झाली की ती सुटते. तोवर धक्क्यावर बसा, घाई नको.’

मिनिटामिनिटाला गाड्या सोडणाऱ्या या शहरात, चांगीच्या धक्क्यावर मात्र वेळापत्रक माणसांचे आहे. बारा जण जमेपर्यंत बमबोट हलत नाही. अकरा जण बसलेले असतात आणि बाराव्याच्या वाटेकडे सगळे डोळे लावतात. तो आला की अनोळखी चेहऱ्यांवर एकच स्मित उमटते. दहाएक मिनिटांत पुलाऊ उबिन. भाड्याच्या सायकली, नारळ, पाणी साठून तळी झालेल्या जुन्या ग्रॅनाइटच्या खाणी, आणि पूर्व टोकाला चेक जावा. तिथे भराव घालायचे ठरले होते. पण निसर्गप्रेमी नागरिकांनी आणि अभ्यासकांनी त्या किनाऱ्यावरची जीवसृष्टी नोंदून पुढे ठेवली आणि २००१च्या डिसेंबरात ते काम पुढे ढकलले गेले. ओहोटीला पाणी मागे सरते, लाकडी वाटेवरून खाली पाहिले की चिखलात खेकड्यांची लगबग, खारफुटीची मुळे आणि समुद्रगवताचे पट्टे उघडे पडतात. भरतीला आलेल्यास यातले पुष्कळसे झाकलेले दिसते. इथे भाचीने घड्याळही बाजूला ठेवले आहे आणि चंद्राची वेळ दिली आहे.

सेंटोसा, मरिना बे सँड्स, नाइट सफारी यांचा यादीत उल्लेख नाही. ‘बाकीचं इंटरनेटवर आहे’ इतक्यावर त्यांची बोळवण झाली आहे. हे त्या स्थळांचे उणे नव्हे. ती आपली आपण सापडतात. जे सुचवल्यावाचून सापडणार नाही तेच सुचवावे, असा हा संयम.

आणि शेवटची ओळ : ‘शेवटच्या संध्याकाळी मरिना बराजच्या छतावर. चटई घ्या. मी ऑफिसातून थेट तिथेच येते.’

२००८मध्ये पूर्ण झालेला हा बंधारा, समुद्राला अडवून शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा जलाशय करणारा. त्याचे छत हिरवळीचे, सर्वांना मोकळे. मुले पतंग उडवतात, एका अंगाला समुद्रात उभी जहाजे, दुसऱ्या अंगाला दिवे लावू लागलेले शहर. पण ओळीचा प्राण तिच्या अखेरच्या वाक्यात आहे. अवघ्या यादीत भाची कुठेही ‘मी’ म्हणून आलेली नव्हती. सकाळ आमची, उद्यान आमचे, नाव आमची. इथे ती स्वतः येते. आतापर्यंत तिने आपले शहर आम्हाला एकटे चाखू दिले, आणि ते आमच्या ओळखीचे झाल्यावर सोबतीला बसायची वेळ ठरवली. शिफारस करणाऱ्याने शेवटी स्वतःलाच शिफारशीत घालावे, याहून मोठा आदर कोणता?

आता पाळी आपली. दिवाळीत ती कोल्हापूरला येईल तेव्हा मिसळीच्या दुकानाचे नाव सांगून आपले काम संपत नाही. कट गरम असतो तो प्रहर, रंकाळ्यावर वारा सुटतो ती घटका, कोणत्या दिवशी काहीच बघायचे नाही आणि कोणत्या संध्याकाळी आपण तिथे येऊन बसणार आहोत, हे सारे आपल्याला ओळीओळीने लिहावे लागेल.