मन, डोकं आणि दुसरी सर्व्हिस

टिमथी गॅल्वेच्या 'द इनर गेम ऑफ टेनिस' (१९७४) या पुस्तकातली दोन प्रकरणं मराठीत करून पाहायला घेतली आणि पहिल्याच प्रकरणात अडले. अडले ती टेनिसच्या परिभाषेवर नव्हे. सर्व्हिस, बॅकहँड, टायब्रेक हे शब्द मराठीत कधीच रुळले आहेत. अडवलं 'माइंड' या शब्दाने.

गॅल्वेचं म्हणणं थोडक्यात असं: कोर्टावरचा खेळाडू स्वतःशी बोलतो, म्हणजे तिथे दोघं असतात. एक हुकूम सोडणारा, चुकलं की शिव्या घालणारा. दुसरा प्रत्यक्ष खेळणारा. पहिल्याला तो 'सेल्फ वन' म्हणतो, दुसऱ्याला 'सेल्फ टू'. सामन्याची मानसिक तयारी म्हणजे या पहिल्याला गप्प बसवणं, कारण दुसऱ्याला खेळता येतंच.

हा बडबड्या पहिला म्हणजे इंग्रजीतलं 'माइंड'. त्याला मराठीत 'मन' म्हटलं की सगळा मामला उलटा होतो. आपल्याकडे मन हे ऐकणारं असतं. आपण मनाला बजावतो, मनाची समजूत काढतो, मनाला आवर घालतो. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत कवी बोलतो आणि मन ऐकतं. कधी मन बोलतंही, 'मन सांगतंय तसं कर' असं आपण म्हणतोच. पण तेव्हा ते शहाणं असतं, म्हणजे गॅल्वेच्या दुसऱ्याच्या बाजूचं. हिंदी, गुजराती, बंगालीतही 'मन' हाच शब्द हाताशी असल्याने तिथल्या अनुवादकांचीही हीच अडचण होत असावी. 'शांत मन' असं लिहून मोकळं झालं की पुस्तक अध्यात्माच्या कपाटात जाऊन बसतं आणि टेनिस खेळणारी मुलं त्याला हात लावत नाहीत. सत्तरच्या दशकात गॅल्वे एका तरुण भारतीय गुरूचा अनुयायी होता. त्यामुळे हा मोह अधिकच सोयीचा.

मला उत्तर सापडलं ते संस्कृतात नव्हे, घरगुती बोलीत. 'डोकं चालवू नकोस, खेळ' असं सांगणारा माणूस गॅल्वेचंच सांगत असतो. पहिला म्हणजे डोकं, दुसरा म्हणजे अंग. अंगवळणी पडणं, हाताला वळण असणं, 'किती मीठ ते हातालाच कळतं' हे सगळं मराठीत आधीपासून आहे, आणि गॅल्वेला नेमकं हेच म्हणायचं आहे. त्याचा एक प्रसिद्ध सराव आहे: चेंडूचा टप्पा पडला की 'बाउन्स' म्हणायचं, रॅकेटला लागला की 'हिट'. डोक्याला एवढं काम दिलं की ते बाकीच्यात ढवळाढवळ करत नाही. मी 'टप्पा-फटका' करून पाहिलं. म्हणेपर्यंत चेंडू पलीकडे गेलेला असतो! शेवटी 'टप' आणि 'ठो' ठेवलं.

पण सरावाच्या कोर्टावर जे पुस्तक इतकं खरं वाटतं, ते सामन्यात शिरल्यावर जरा गुळगुळीत होतं. स्पर्धेवरच्या प्रकरणात गॅल्वे मोठ्या लाटेची वाट पाहणाऱ्या सर्फरचा दाखला देतो: अडथळा जितका मोठा, तितकी स्वतःची ओळख पटण्याची संधी मोठी, म्हणून प्रतिस्पर्धी हा मित्रच. मला हे पटत नाही. लाट तुमचा थरथरता हात पाहून दुसऱ्या सर्व्हिससाठी दोन पावलं पुढे येऊन उभी राहत नाही. प्रतिस्पर्धी राहतो.

म्हणून मला राफाएल नदालचं 'राफा' (२०११) जास्त प्रामाणिक वाटतं. २००७च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररकडून हरल्यावर ड्रेसिंगरूममध्ये आपण अर्धा तास रडत होतो आणि हार पायांची नव्हे, डोक्याची होती, असं तो सांगतो. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्याची तयारी सुरू होते ती पंचेचाळीस मिनिटं आधी घेतलेल्या थंडगार शॉवरने. पाण्याच्या दोन बाटल्या खुर्चीसमोर ठरलेल्या तिरक्या रेषेत. ही अंधश्रद्धा नाही, असं तो बजावतो. बाहेर नीट लावलेलं असलं की आतही नीट लागतं. इथे डोक्याला गप्प करण्याचा प्रश्नच नाही, त्याला कामाला लावलेलं आहे. आणि तरीही चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये ५-२ अशी आघाडी असताना नदालने डबल फॉल्ट केला. तो सेट गेला, नंतर सामना त्याने ९-७ असा पाचव्या सेटमध्ये जिंकला. एवढ्या काटेकोर तयारीनंतरही भीती आली, ही गोष्ट हे पुस्तक लपवत नाही.

आंद्रे अगासीच्या 'ओपन'मध्येही (२००९) शॉवर आहे, पण तिथे बडबड आहे. तो पाण्याखाली उभा राहून तीच तीच वाक्यं स्वतःला ऐकवतो, ती खरी वाटू लागेपर्यंत. गॅल्वे ऐकता तर कानांवर हात ठेवता. जाता जाता: या शॉवरला 'आंघोळ' म्हणता येत नाही. आंघोळीने मराठी माणूस दिवसाला लागतो, सामन्याला नाही.

गंमत म्हणजे हे आतले आवाजही पूर्णपणे त्यांचे नाहीत. अगासीचे शब्द जे. आर. मोरिंगरने घडवले आणि स्वतःचं नाव मुखपृष्ठावर येऊ दिलं नाही. जॉन कार्लिन 'राफा'त उघडपणे आहे: नदालच्या 'मी'नंतर त्याचं तृतीयपुरुषी प्रकरण, मग पुन्हा 'मी'. स्वतःशी बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी त्याला बाहेरून पाहणारा दुसरा बसवलेला. गॅल्वेची जोडी इथे पुस्तकाच्या बांधणीतच उतरली आहे. अनुवादात मी तिथे तिसरी.

या तिन्ही पुस्तकांमागे एक नियम गृहीत आहे: सामना सुरू झाला की प्रशिक्षकाने बोलायचं नाही. दोन गुणांमधली पंचवीस सेकंदं आणि बाजू बदलतानाची दीड मिनिटं, तिथे बोलायला स्वतःखेरीज कोणी नाही. १९७५च्या अंतिम सामन्यात बाजू बदलताना ऑर्थर अॅश डोळे मिटून बसायचा आणि त्याने कॉनर्सला हरवलं. १ जानेवारी २०२५पासून बाहेरून सल्ला द्यायला नियमानेच परवानगी मिळाली. नदाल त्याच्या काही आठवडे आधी निवृत्त झाला होता.