विद्यावेतन, यादी आणि यादीबाहेरचा माणूस

१

दलित साहित्याच्या चर्चेत 'शिष्यवृत्ती' या शब्दाला एक खास वजन आहे. वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि सरकारी नोकरी या पायऱ्या चढून आमची पहिली शिकलेली पिढी वर आली, आणि तिच्यातूनच आत्मकथने लिहिणारे लेखक निघाले. त्यामुळे शिष्यवृत्ती म्हणजे मुक्तीचे साधन, असे समीकरण आपल्या मनात पक्के झाले आहे. ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. शिष्यवृत्ती ही नेहमीच मोजक्या जागांची आणि ठरावीक मुदतीची असते. ती मिळाल्याच्या क्षणाचे चित्रण आपल्या साहित्याने भरपूर केले. ती संपल्याच्या दिवशी माणसाचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारलेला नाही.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात विद्यावेतनावर राबणारा जो तरुण आहे, त्याच्या संदर्भात हा प्रश्न आज टाळता येणार नाही. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव या भागांतून आलेला हा मुलगा आयटीआय किंवा बारावी झालेला असतो. त्याला मिळतो तो पगार नसतो. कागदावर त्याचे नाव 'विद्यावेतन' असते. त्यामुळे तो कामगारही ठरत नाही आणि विद्यार्थीही राहत नाही. या मधल्या अवस्थेची समीक्षा करणे, आणि आपल्या साहित्याने तिच्याकडे कसे पाहिले हे तपासणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२

विषय नीट कळावा म्हणून थोडे दूर जावे लागेल. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी दलित साहित्याने नाते जोडले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावही तिकडच्या चळवळीवरून घेतले. पण कृष्णवर्णीय तरुण ज्या मैदानातून वर येण्याची धडपड करतो, त्या मैदानाकडे आपण पाहिले नाही. तेथील महाविद्यालयांत जो फुटबॉल खेळला जातो तो आपल्याकडच्या फुटबॉलहून वेगळा, अंगावर अंग आदळण्याचा खेळ आहे. त्यात कृष्णवर्णीय खेळाडूंचा भरणा मोठा, आणि संघात कोणाला ठेवायचे हे ठरविणारे मुख्य प्रशिक्षक बहुतांशी गोरे. या खेळाचे सामने पाहायला लाखभर माणसे जमतात आणि त्यावर अफाट पैसा मिळतो. खेळाडूला मात्र अनेक दशके फक्त शिष्यवृत्ती मिळत असे.

या शिष्यवृत्त्यांना मर्यादा होती. वरच्या श्रेणीतील एका संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येत. आता व्यवहार असा की, दरवर्षी काही मुले पदवी घेऊन जातात, काही जायबंदी होतात, काही व्यावसायिक संघांत जातात, काही दुसरे महाविद्यालय धरतात. किती जागा रिकाम्या होतील हे प्रशिक्षकाला आधी कळत नाही. नवी मुले मात्र आधीच निवडावी लागतात. म्हणून कित्येक ठिकाणी असलेल्या जागांपेक्षा जास्त मुलांच्या सह्या घेतल्या जात, आणि हिशेब जमेना झाला की जुन्यांपैकी कोणाला तरी 'तू दुसरीकडे पाहा' असे सुचविले जाई. १९७३ पासून शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असल्यामुळे यात नियमभंगही होत नसे. एकाहून अधिक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा २०१२ मध्ये मिळाली. २०१८ पासून खेळाडूलाही बदलीसाठी आपले नाव स्वतः नोंदविता येऊ लागले.

२०२५ साली एका मोठ्या दाव्यात तडजोड होऊन शिष्यवृत्त्यांवरील मर्यादा उठली आणि तिच्या जागी संघात एकूण १०५ खेळाडूच असतील, अशी नवी मर्यादा आली. वरून पाहता ही सुधारणा. परंतु अनेक संघांत त्याहून जास्त मुले होती, आणि ज्यांची नावे कापली जाणार होती त्यांत शिष्यवृत्तीविना सराव करणारी मुले बरीच होती. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एप्रिल २०२५ मध्ये नेमके येथेच बोट ठेवले. जागा गमावणाऱ्यांचा विचार केल्याखेरीज तडजोडीला मान्यता देण्यास त्यांनी नकार दिला. मग अशा मुलांची नावनिशीवार यादी करण्यात आली. त्यांपैकी कोणाला घेतले तर तो १०५ मध्ये मोजला जाणार नाही, असे ठरले आणि ६ जूनला मान्यता मिळाली. महाविद्यालयांनी त्यांना परत घ्यावेच, अशी सक्ती त्यात नव्हती. तेव्हा हा पूर्ण न्याय झाला, असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट मान्य झाली: यादीतून जो वगळला जातो त्याचेही नाव कोठेतरी लिहून ठेवावे लागते.

३

हाच निकष आपल्या औद्योगिक पट्ट्याला लावून पाहू. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे टेल्को, बजाज यांच्याभोवती शेकडो लहान कारखाने उभे राहिले, आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. त्या काळात 'कंपनीत लागला' या शब्दप्रयोगाचा अर्थ आयुष्य मार्गी लागले असा होता. चाकणचा विस्तार नंतरचा. २००९-१० च्या सुमारास तेथे मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले तेव्हा 'कंपनीत लागला' हे वाक्य तसेच राहिले, पण त्यातला अर्थ निघून गेला होता. आता विचारावे लागते: पर्मनंट, कॉन्ट्रॅक्टवर, की ट्रेनी?

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणार्थींना कामगार मानलेले नाही. ते कलम शिकणाऱ्याच्या सोयीसाठी होते असे समजू. या कायद्याच्या नियमांनुसार आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे असतात. म्हणजे येथेही संख्येची मर्यादा आहे आणि येथेही तुकडीमागून तुकडी बदलते. त्याखेरीज २०१३ मध्ये 'नीम' नावाची योजना आली. तिच्यातही मुलगा प्रशिक्षणार्थी म्हणूनच लाईनवर उभा राहत असे आणि तिच्यातही नोकरीची हमी नव्हती. मुदत संपते, गेटपास जमा होतो, दुसरी बॅच येते. जो गेला तो दुसऱ्या फाट्यावरच्या दुसऱ्या कारखान्यात पुन्हा 'शिकायला' लागतो. तेच काम तो तिसऱ्यांदा शिकतो, आणि कोणत्याही शिकण्याने तो शिकलेला ठरत नाही.

दलित तरुणाच्या दृष्टीने येथे एक विशेष गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली ३-अ हे कलम घालण्यात आले. त्याने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्या. परंतु खाजगी कारखान्यात प्रशिक्षणानंतरच्या नोकरीला आरक्षण नाही. म्हणजे आत येताना राखीव जागा आहे, बाहेर पडताना काहीच नाही.

सरकारी नोकरीतील बिंदुनामावली आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. १९९५ च्या सभरवाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नामावली पूर्ण भरल्यावर जी जागा रिकामी होईल ती जाणारा ज्या प्रवर्गाचा होता त्याच प्रवर्गातून भरावी. माणूस जातो, पण त्याची जागा त्याच्या समाजाच्या नावे राहते. त्याच वर्षी उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळातील शिकाऊ उमेदवारांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, प्रशिक्षण संस्थेने वर्षवार यादी ठेवावी, आणि आधी शिकलेल्याला ज्येष्ठ समजावे. गेलेल्यांची यादी ठेवा, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तीस वर्षांपूर्वी म्हटले होते. लाईनवरच्या तुकड्या बदलणाऱ्या व्यवस्थेने ते कानावर घेतलेले नाही.

४

आता साहित्याकडे वळू. कारखान्यातील दलित माणूस आपल्या साहित्यात नाही, असे म्हणता येत नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायक रेल्वेत नोकरीसाठीच परगावी जातो. जात उघड होते आणि त्याला मार खाऊन बाहेर पडावे लागते. नारायण सुर्व्यांनी कामगाराला कवितेच्या मध्यभागी आणून बसविले. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकाने गिरण्या थांबल्यावर घरात काय उरते ते दाखविले. अरुण काळे यांच्या 'नंतर आलेले लोक'मध्ये जागतिकीकरणाच्या रेट्यात सापडलेला दलित माणूस बोलू लागला. ही परंपरा मोठी आहे.

पण या परंपरेतील कामगाराला एक गोष्ट गृहीत धरता येत होती. त्याला हाकलताना कोणाला तरी हाकलावे लागत होते. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई; हा अन्याय उघड होता, म्हणूनच १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना तो चव्हाट्यावर आणता आला. गिरणीतल्या बदली कामगाराची स्थितीही वाईटच होती. रोज सकाळी दारात उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तर आत जायचे. तरीही १९३५ मध्ये बदली नियंत्रणाची पद्धत आल्यावर त्याच्या हातात एक कार्ड आले. तो रांगेत होता आणि रांगेत त्याला नाव होते.

चाकणच्या ट्रेनीला कोणी हाकलत नाही. त्याची तारीख संपते. त्याला शिवी देणारा मुकादम नाही, विटाळ मानणारा जॉबर नाही, गेटवर जात विचारणारा कोणी नाही. त्यामुळे विद्रोहाची जी भाषा आपण घडविली, तिला येथे समोर माणूसच सापडत नाही. बागुलांच्या नायकाला आपण का मार खाल्ला हे ठाऊक होते. या मुलाला आपण का गेलो हे सांगता येत नाही. 'मुदत संपली' एवढेच तो सांगतो, आणि त्याच्या आईलाही ते पटते. तारखेला जात नसते असे कोणी म्हणेल. परंतु तारखेच्या यादीत कोण आहेत आणि कायमच्या यादीत कोण, हे पाहिल्याशिवाय तसे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही. ती तपासणी करावी लागू नये, म्हणूनच याद्या ठेवल्या जात नाहीत की काय, असा संशय घेण्यास जागा आहे.

आपल्या साहित्याची मर्यादा मला येथे दिसते. आपण अपमानाचे साहित्य लिहिले. वगळले जाण्याचे साहित्य अजून लिहावयाचे आहे. तेथे कथेला कळस मिळणार नाही. सहा महिने, अकरा महिने, पुन्हा सहा महिने, भाड्याच्या खोलीत पाळीप्रमाणे झोपणारी चार मुले, गावाकडे सांगितलेला खोटा पगार, ठरत-ठरत मोडलेले लग्न, असा हा सपाट अनुभव आहे. आत्मकथनाचा साचा त्याला पुरणार नाही, कारण आत्मकथन बहुधा पोचलेला माणूस लिहितो. हा तरुण कोठेही पोचलेला नाही. त्याला नवा घाट लागेल, आणि तो घाट त्यालाच शोधावा लागेल.

५

शेवटी मापदंडाचा प्रश्न. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांची मुदत आणि दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. आपण हा प्रसंग अस्पृश्यतेच्या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगतो, ते योग्यच आहे. पण त्याच कथेत आणखी एक तपशील आहे. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने त्यांना दिली होती. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांची मदत १९२० मध्ये उपयोगी पडली ती त्या मुभेमुळे. पैसा नंतर उभा राहिला. त्याआधी परतीची वाट उघडी होती.

जागा मोजक्या असणे हा अन्याय नव्हे. जगात कोणत्याही संघात, कारखान्यात वा विद्यापीठात सर्वांना कायम जागा देता येत नाही. जो गेला त्याची नोंद ठेवायची नाही, त्याच्या शिकण्याला ज्येष्ठता द्यायची नाही आणि त्याच्या परतीला दार ठेवायचे नाही, हा अन्याय होय. कारखान्यांना ही नोंद ठेवायला लावण्याचे काम चळवळीचे आणि संघटनांचे आहे. साहित्याचे काम त्याहून साधे आणि कठीण आहे. यादीतून ज्याचे नाव गेले, त्याचे नाव आपल्या पानावर आले पाहिजे. चाकणच्या फाट्यावर बस पकडणाऱ्या त्या मुलांपैकी कोणी वहीत काही लिहीत असेल, तर त्याने ते आमच्यापर्यंत पोचवावे. शुद्धलेखनाची काळजी त्याने करू नये.